नफा झाला, मग पैसा कुठे गेला?

गेल्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीच्या, गोदामात बैठकीला बसले होते. तुरीची पोती एका बाजूला सारून सतरंजी टाकलेली, दारात कूलर. तालुक्याच्या सीए साहेबांनी पाठवलेला ताळेबंद अध्यक्षांनी वाचून दाखवला. वर्षाचा नफा सात लाख रुपये. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग भिंतीला टेकून बसलेल्या एका वयस्कर कास्तकारानं मला विचारलं, "ताई, नफा झाला म्हनता, त मंग पैसा कोठी हाय? माह्या तुरीचा चुकारा त अजून भेटला नाई."

कुणाकडेच उत्तर नव्हतं. संचालकांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी हिशेबनिसाकडे. हिशेबनीस गावातलाच, तालुक्याच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.कॉम. झालेला. टॅलीत त्यानं एकही नोंद चुकवली नव्हती. पैसा कुठे अडकला ते त्याच्याच संगणकात होतं: अकोल्याच्या एका डाळ मिलकडे एकोणपन्नास दिवसांची उधारी, ओल लागल्यामुळे कुणी न उचललेलं सोयाबीन, आणि हंगामाआधी एकदम घेऊन ठेवलेला बारदाना. बिल फाडलं त्या दिवशी नफा लिहिला गेला, रक्कम मात्र खात्यात यायची राहिली होती. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातला हा धडा. त्या मुलानं तो परीक्षेत लिहिलाही असेल. पण 'अ ब क कंपनी'च्या उदाहरणात शिकलेली गोष्ट आपल्याच गावच्या गोदामात उभी असते, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. कंपनीचं वित्त सांभाळण्याची विद्या आपण विदर्भातल्या खेड्यांत पुण्याला जाण्याची वाट म्हणून बघतो, तीही मोजक्या मुलांसाठी. खरं तर जिथं पैसा हंगामात एकदा येतो आणि खर्च बारा महिने चालतो, त्या मुलखाला या विद्येची गरज सगळ्यांत जास्त आहे. ती इथं रुजायची असेल, तर ते काम करणाऱ्या माणसाला इथं राहून संसार चालवता येईल एवढा पगार मिळाला पाहिजे. आज सरकारी योजनेत त्या कामाची किंमत महिना दहा हजार रुपये धरली आहे.

ही योजना म्हणजे २०२० मध्ये केंद्रानं सुरू केलेली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना. एकूण तरतूद ६,८६५ कोटींची. प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत मदत, सभासदांच्या भागभांडवलाएवढंच अनुदान १५ लाखांपर्यंत, आणि २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी. रचना विचारपूर्वक केलेली आहे, आणि तिच्यामुळे आमच्या भागात कितीतरी गटांना पहिल्यांदा स्वतःचं नाव, स्वतःचं गोदाम मिळालं. पण मार्गदर्शक सूचनांमधली पगाराची ओळ वाचा. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५ हजारांपर्यंत, हिशेबनिसाला १० हजारांपर्यंत, वर्षाला पाच टक्क्यांची वाढ. कोट्यवधींची उलाढाल करू पाहणाऱ्या कंपनीचा पैसा ज्याच्या हातात द्यायचा, त्याला मजुरीएवढा पगार. वित्त अधिकारी हा शब्द तर कुठेच नाही. पैशाचं काम म्हणजे नोंदी ठेवणं, असंच ती योजना लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं.

नोंदी ठेवणं हे मागं बघण्याचं काम आहे. वित्त पुढं बघतं. फरक पोटापाण्याचा आहे, म्हणून एक सोपं गणित मांडते.

समजा कंपनीकडे भागभांडवल आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (लागेल तसं उचलायचं कर्ज) मिळून ६० लाख रुपये आहेत. तुरीचा भाव क्विंटलला ७,००० धरू, खरेदीचा हंगाम ६० दिवसांचा, आणि खर्च जाऊन क्विंटलमागे १५० रुपये सुटतात. कास्तकाराला चुकारा रोख द्यायचा, कारण तो थांबू शकत नाही. माल १५ दिवस गोदामात राहतो आणि डाळ मिल ४५ दिवसांनी पैसे देते. म्हणजे ६० लाख एकदा बाहेर पडले की ६० दिवसांनी परत येतात. पूर्ण हंगामात ८५७ क्विंटल घेता आली, कमाई सव्वा लाखाच्या थोडी वर. उरलेली तूर सभासद दुसऱ्याला विकून मोकळा होतो आणि वर म्हणतो, आपली कंपनी काही कामाची नाही. आता हाच सौदा असा करा, की मिलवाल्यानं पाच दिवसांत पैसे द्यायचे आणि त्याबद्दल त्याला क्विंटलमागे ३५ रुपये सूट. फेरा २० दिवसांवर आला. तेच ६० लाख हंगामात तीनदा फिरले. २,५७१ क्विंटल खरेदी, सुटले क्विंटलला ११५ रुपये, एकूण जवळजवळ तीन लाख. व्याज दोन्हीकडे तेवढंच. गोदाम तेच, माणसं तीच, तूरही तीच.

हे गणित आठवीतल्या मुलाला सोडवता येईल. अवघड आहे ते सौदा करायच्या आधी कुणीतरी ते मांडणं. बोर्डाच्या बैठकीत सगळा जीव भावावर असतो: ५० रुपये जास्त कोण देतो? किती दिवसांनी देतो, हे कुणी विचारत नाही. त्या ५० रुपयांसाठी सगळं खेळतं भांडवल दीड महिना दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतं.

बँकेच्या दारातही तेच. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका अजूनही बहुतेक नायक समितीच्या पद्धतीनं चालतात. वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के मर्यादा. तीन कोटींचा अंदाज पटवून दिला तर साठ लाख मिळतात. पण पटवून द्यायला अंदाज मांडावा लागतो, आणि तो मागच्या वर्षाच्या आकड्यात दहा टक्के मिळवून होत नाही. मर्यादा मंजूर झाली तरी पैसे उचलता येतात ते साठा आणि चालू येणी यांच्या किमतीतून मार्जिन, म्हणजे ठरावीक हिस्सा, कापून. उधारी नव्वद दिवसांपेक्षा जुनी झाली की बँक ती सहसा धरतच नाही. महिन्याचं साठ्याचं पत्रक वेळेवर गेलं नाही, तर ऐन खरेदीत हात अडकतो. मी अशी कंपनी पाहिली आहे जिची मर्यादा मंजूर होती, गोदामात माल होता, आणि फक्त दोन महिन्यांची पत्रकं राहिली म्हणून तिनं बाहेरून महिना शेकडा दोननं पैसे आणले.

कायद्याच्या बाजूनं होणारी हानी अजून सरळ आहे. वार्षिक सभा झाली की तीस दिवसांत हिशेब आणि साठ दिवसांत वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे गेलं पाहिजे. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले की ७३ हजार गेले, म्हणजे हिशेबनिसाचा सात महिन्यांचा पगार. सलग तीन वर्षं राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. हे संचालक म्हणजे सकाळी वावरात जाणारी माणसं, त्यांना नोटीस आल्यावर कळतं. शंभर कोटींच्या आतल्या उत्पादक कंपन्यांच्या पात्र नफ्याला २०१८-१९ ते २०२३-२४ या आर्थिक वर्षांसाठी पूर्ण प्राप्तिकर वजावट होती. पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. एक तारीख चुकली की वजावट गेली. उलट बाजूनं, एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. उद्यम नोंदणी केलेल्या, प्रक्रिया करणाऱ्या कंपनीच्या हातातलं हे चांगलं हत्यार आहे. मिलवाल्याशी बोलताना ते काढायचं असतं. आमच्याकडे किती जणांना ते आहे हे तरी माहीत आहे?

मी स्वतः वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. घरी बारा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. बी.कॉम. करून नागपूरला आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, केली, मग पुण्यात एका कारखानदार कंपनीच्या वित्त विभागात लागले. पहिल्याच वर्षी माझ्या टेबलावर पुढच्या तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता आला. कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, कुठं खड्डा पडणार. त्यात एका मोठ्या ग्राहकाचे पैसे बिलावरच्या तारखेला येणार असं धरलं होतं. मी जुनी खाती पाहिली होती. तो ग्राहक दर वेळी महिनाभर उशिरा देत होता. मला ते दिसलं, कारण मी अशा घरात वाढले होते जिथं व्यापारी 'आठ दिवसांनी देतो' म्हणाला की आई महिनाभराचं धान्य मोजून ठेवायची. तरी मी गप्प राहिले. वरिष्ठांना माहीत असेलच, आपण खेड्यातल्या, आपलं इंग्रजी असं, आपण कशाला बोलायचं. सातव्या आठवड्यात खड्डा पडला, कंपनीला महाग व्याजानं पैसा उचलावा लागला आणि पुरवठादारांची देणी लांबली. त्यातले काही लहान कारखाने होते. त्यांच्या कामगारांचे पगार आमच्यामुळे लांबले असतील, हे मला आजही डाचतं.

त्या चुकीनंतर मला एक गोष्ट कळली. ती मी तालुक्याच्या कॉलेजांत जाऊन पुन्हा पुन्हा सांगते. मोठ्या कंपनीच्या खजिन्यात जे शिकवतात, त्याचा गाभा आपल्या घरात आहे. कास्तकाराचं घर हे रोखीच्या फेऱ्यावरच चालतं. जूनमध्ये बी-बियाणं, जुलैत खत, शाळेची फी, निंदणाची मजुरी, आणि पैसा दिवाळीनंतर. सवाईनं घेतलेलं धान्य म्हणजे काय? जूनमध्ये चार पायली घेऊन जानेवारीत पाच द्यायच्या. सात महिन्यांना पंचवीस टक्के, वर्षाला त्रेचाळीसच्या आसपास. दिढीचं तर बोलायलाच नको. आपल्या आज्यांनी हे व्याज भरलं, त्याला टक्केवारीचं नाव मात्र कुणी दिलं नाही.

२०२१-२२ च्या हंगामात कापसानं दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या वर्षी त्या आठवणीनं लोकांनी कापूस विकलाच नाही. घराघरांत छतापर्यंत कापूस, लेकराबाळांच्या अंगाला खाज, आणि भाव खाली खाली. थांबणं चूक होतं असं मी म्हणत नाही. थांबायची किंमत कुणी मोजली नाही, एवढंच म्हणते. दिवाळीला साडेसात हजार भाव असेल आणि डोक्यावर शेकडा दोनचं देणं असेल, तर सहा महिन्यांत क्विंटलमागे नऊशे रुपये व्याज चढतं. घट न धरताही मे महिन्यात ८,४०० मिळाले तरच बरोबरी. त्याऐवजी सोयाबीन, तूर बाजार समितीत तारण ठेवली, तर पणन मंडळाच्या योजनेत किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. ही योजना १९९०-९१ पासून आहे. शेकडा दोन आणि सहा टक्के यांतला फरक म्हणजे वर्षाला चोवीस आणि सहा. हा फरक रोज सांगणारं माणूस गावात नाही.

विदर्भाला कंपनी नवीन नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढून १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथं होता, कोळसा वरोऱ्याला होता आणि रेल्वे आली होती. गोष्ट अशी सांगतात, की जमशेटजी नागपुरातल्या एका सावकाराकडे भांडवल मागायला गेले, तेव्हा जमिनीत सोनं पुरायला मी पैसे देणार नाही म्हणून त्यानं नकार दिला, आणि नंतर मिल चालताना पाहून आपली चूक कबूल केली. वर्ध्याच्या बच्छराज पेढीत दत्तक आलेल्या जमनालाल बजाजांचा व्यवसायही याच कापसावर उभा राहिला. त्या घराण्याच्या नावाची वित्त कंपनी आज देशभर कर्ज वाटते आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. वर्ध्यात १९४० पासून वाणिज्य महाविद्यालय आहे. म्हणजे कापूस इथला, पेढ्या इथल्या, शिकवणारेही इथले होते. राहिलं नाही ते निर्णयाचं टेबल. मुंबई-पुण्यात बसलेला माणूस हिंगणघाटच्या रेच्याला, म्हणजे जिनिंग कारखान्याला, किती दिवसांची उधारी द्यायची ते ठरवतो. हिंगणघाटची बी.कॉम. झालेली मुलगी त्याच रेच्यात काट्याच्या पावत्या लिहिते.

कॉलेजांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. रेचा जर प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर त्याचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये फी भरून कुणालाही बघता येतो. भागीदारीतल्या पेढ्यांचा तसा मिळत नाही, पण प्रत्येक तालुक्यात एखादी तरी कंपनी असतेच. वर्गात शंभर रुपये वर्गणी काढा आणि रोज ज्याच्या भोंग्यावर उठता त्या कारखान्याची येणी-देणी वाचा. मॉईल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, काही खाणी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत, शेअर बाजारात नोंद २०१० पासून. तिचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. तुमसरच्या कॉलेजात तो पाठ्यपुस्तकासारखा का वापरू नये? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आहेत. आज मुलं ते श्रेयांक झेरॉक्सच्या दुकानाचं नाहीतर ओळखीच्या एजन्सीचं पत्र आणून पुरे करतात. तेच काम बाजार समितीत, जिनिंगमध्ये, उत्पादक कंपनीत, पतसंस्थेत करून घेतलं तर? एका मुलानं एका हंगामाची उधारी दर आठवड्याला मांडली, तर तो तीन वर्षांच्या टिपणांपेक्षा जास्त शिकेल.

जी मुलं बाहेर जाणार आहेत त्यांनी जरूर जावं. आमच्याकडे मुलीनं वाणिज्य घेतलं की लोक म्हणतात, सायन्स झेपलं नाही का? आणि मुलानं घेतलं की, बँकेची परीक्षा दे नाहीतर एमपीएससी कर. कंपनीत पैशाची किती वेगवेगळी कामं असतात हे घरात कुणाला माहीत नसतं. खजिना सांभाळणं, कर्जदाराची पत तपासणं, मालाची किंमत काढणं, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करणं, नव्या यंत्राचा खर्च किती वर्षांत निघेल ते मांडणं. यातल्या पुष्कळ कामांना सीए व्हावंच लागतं असं नाही. व्हायचं असेल तर पंचावन्न टक्क्यांनी वाणिज्य पदवीधर झालेल्याला फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला बसता येतं, आणि नव्या रचनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ती नागपूर, अमरावती, अकोल्यात करता येते. पण तिथल्या खोलीचं भाडं आणि मेसचा डबा विद्यावेतनात भागत नाही. इथंच आमची हुशार मुलं गळतात. परीक्षेत नापास होऊन गळणारी कमी, दोन वर्षांचा डबा न परवडल्यामुळे गळणारी जास्त, असा माझा अनुभव आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आर्टिकलशिप करणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृह आणि भोजनभत्ता ही मागणी आपल्या आमदारांकडे कुणी करत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका मात्र गावोगाव होतात. त्या व्हाव्यात. पण शंभरातल्या दोघांना नोकरी देणाऱ्या वाटेवर एवढा खर्च होत असेल, तर या वाटेवर एक खोली तरी बांधा.

नोकरीत गेल्यावर कसं वागावं, हे मला मुलं विचारतात. इंग्रजीची भीती सहा महिन्यांत जाते. जात नाही ती साहेबापुढं गप्प बसायची सवय. आपल्याकडे तलाठ्यापुढं, मास्तरापुढं, बँकेच्या मॅनेजरपुढं खाली बघून उभं राहायला शिकवतात. वित्ताच्या कामात ती सवय घातक आहे, कारण वाईट बातमी लवकर सांगणं हेच या कामाचं अर्धं मोल आहे. पैसे कमी पडणार आहेत हे सहा आठवडे आधी सांगितलं तर मार्ग निघतो, सहा दिवस आधी सांगितलं तर फक्त सावकार उरतो. आकडा दिला की त्याचा अर्थही त्याच दमात सांगायचा. समजलं नाही तर त्याच बैठकीत विचारायचं. आणि सही करण्यापूर्वी कागद मागायचा, समोर कोणीही असो.

या शेवटच्या गोष्टीची किंमत विदर्भानं फार मोठी मोजली आहे. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सरकारी रोख्यांत गुंतवलेले सुमारे दीडशे कोटी रुपये बुडाले. पैसे दलाल कंपन्यांना दिले गेले, रोखे बँकेच्या हातात आलेच नाहीत. न्यायालयाचा शिक्षेचा निकाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षं. त्या काळात ठेवीदार कास्तकारांनी काय सोसलं ते नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारा. पैसे दिले, रोखे कुठे आहेत, हा प्रश्न वित्ताचं पहिलं पान शिकलेला माणूस विचारतो. तो विचारण्याची हिंमत आणि तो विचारल्यावर नोकरी टिकेल याची खात्री, दोन्ही लागतात. महिना दहा हजारांवर ठेवलेल्या, अध्यक्षाच्या मर्जीनं लागलेल्या मुलाकडून आपण ती हिंमत कशी मागणार?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. लोक म्हणतात, बाई, तुमच्या तक्त्यानं काय होणार, भाव तर दिल्लीत ठरतो. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणा शुल्काशिवाय येऊ दिला, तुरीवर त्याचा दाब आला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, तेही नवा कापूस घरात यायच्या तोंडावर, आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. सोयाबीनच्या वायद्यावर डिसेंबर २०२१ मध्ये बंदी आली आणि ती पुढं वाढवत नेली, त्यामुळे भाव आधीच बांधून घ्यायचं साधनही हातातून गेलं. या धोरणांविरुद्ध भांडलंच पाहिजे, मी त्या बाजूची आहे. पण भाव पडतो तेव्हा सगळे सारखे बुडत नाहीत. ज्याची उधारी कमी, ज्याचं व्याज कमी, ज्यानं सगळा माल एका दिवशी घेतलेला नाही, तो पुढच्या हंगामाला उभा राहतो. आमच्या भागातल्या बंद पडलेल्या कंपन्यांपैकी मला जवळून माहीत असलेल्या तिन्ही, भाव चांगला असतानाच्या वर्षात बसल्या. एका वर्षात खरेदी दुप्पट केली, उधारी तिप्पट झाली, आणि बँकेनं हात आखडला.

दुसरा आक्षेप, लहान कंपनीला एवढा पगार परवडणार नाही. एकेकटीला परवडणार नाहीच. म्हणून पाच-सहा कंपन्या मिळून एक वित्त अधिकारी ठेवावा. आठवड्यातला एक दिवस प्रत्येकीला. योजनेत समूहावर आधारित व्यवसाय संस्था आधीच नेमलेल्या आहेत, पण त्यांचं लक्ष नोंदणी आणि सभासदसंख्येवर. सहा कंपन्यांच्या हिशेबनिसांसाठी धरलेले दहा-दहा हजार म्हणजे साठ हजार होतात. त्यातले पस्तीस-चाळीस हजार एका शिकलेल्या माणसाला द्या, उरलेल्यात नोंदी करणारी दोन मुलं ठेवा. नवा पैसा न मागता हे होतं. मार्गदर्शक सूचनांत एक ओळ बदलावी लागेल, आणि त्या माणसाची नेमणूक कुठल्याही एका अध्यक्षाच्या हातात ठेवता येणार नाही. पुण्यात पंचेचाळीस मिळवणारा मुलगा घरचं भाडं, प्रवास, आई-बापाचा दवाखाना मोजून चाळीसवर परत येईल का? माझ्या ओळखीतले चार जण आजच यायला तयार आहेत. दहावर कुणी येणार नाही, आणि त्यांनी यावं असं त्यांना सांगायचा आपल्याला हक्कही नाही.

त्या मेच्या बैठकीनंतर हिशेबनीस मुलगा आणि मी मिळून तेरा आठवड्यांचा तक्ता बनवला. वहीच्या दोन पानांवर, मराठीत. येणी, देणी, बँकेची शिल्लक, आणि शेजारी कोण खरंच कधी देतो याचा रकाना. डाळ मिलचे पैसे तीन फोन आणि एका लेखी पत्रानंतर आले, त्या म्हाताऱ्या कास्तकाराचा चुकारा पहिल्यांदा गेला. आता दर सोमवारी तो मुलगा तक्त्याचा फोटो संचालकांच्या ग्रुपवर टाकतो, आणि गेल्या महिन्यात त्यानं स्वतःहून लिहिलं की नवव्या आठवड्यात साडेचार लाख कमी पडतील, तुरीची खरेदी दोन टप्प्यांत करा. संचालकांनी ऐकलं. कंपनीचं योजनेतलं तिसरं वर्ष येत्या मार्चला संपतं. त्यानंतर त्याचा पगार कुठून द्यायचा हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर सहावा आहे, बारदाना खरेदीच्या खाली. तो पहिला घ्यावा असं पत्र मी अध्यक्षांना दिलं आहे.